हिरोशिमापूर्वी शास्त्रज्ञ गप्प बसले होते काय?

अणुबॉम्ब तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सरकारच्या हाती शस्त्र दिले आणि हिरोशिमा बेचिराख झाल्यावरच त्यांना जाग आली, असा समज अनेक वर्षे पसरलेला आहे. तो खरा नाही, आणि विरोध करणाऱ्यांवर अन्याय करणारा आहे.

भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रोटब्लाट यांनी जर्मनी बॉम्ब बनवू शकणार नाही हे स्पष्ट होताच 1944 च्या अखेरीस अमेरिकेचा अणुबॉम्ब प्रकल्प सोडला. जून 1945 मध्ये याच प्रकल्पातील शास्त्रज्ञ जेम्स फ्रँक यांच्या समितीने असे सुचवले की, हे अस्त्र शहरावर टाकण्याऐवजी सर्व राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर वाळवंटात किंवा ओसाड बेटावर त्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. पुढे प्रकल्पातील भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी 17 जुलैच्या अर्जावर शिकागोतील प्रयोगशाळेच्या सहकाऱ्यांसह 70 सह्या मिळवल्या. जपानला शरणागतीच्या अटी जाहीरपणे कळवून संधी दिल्याशिवाय बॉम्ब वापरू नये, ही त्यातील मागणी होती. हा अर्ज लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून फिरत राहिला आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. 6 ऑगस्टला बॉम्ब पडला.

अर्थात, हे सर्वांचे मत नव्हते. बॉम्ब तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख ओपेनहायमर यांच्यासह सरकारच्या सल्लागार शास्त्रज्ञांनी थेट लष्करी वापराला पर्याय दिसत नसल्याचे लेखी कळवले होते.