घरची भाषा सोडल्याने वाचा टिकते का?

‘वाचा जाऊ लागली की एकच भाषा ठेवा, गोंधळ कमी होतो,’ असं अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक घरांना अनेकदा सांगितलं जातं. सल्ला मायेचा, पण चुकीचा. वाढत जाणाऱ्या अफेझियात, म्हणजे बोलणं-समजणं हळूहळू हरवत नेणाऱ्या आजारात, मेंदूतले भाषेचे भागच झिजतात. त्यामुळे स्पॅनिश आणि इंग्रजी, दोन्ही भाषा ओसरतात. सहसा कमी मुरलेली जास्त. मग स्पॅनिश तोडून हाती काय राहणार?

घरीच पाहा. किल्ली दाखवून वेगवेगळ्या वेळी दोन्ही भाषांत नाव विचारा. ‘यावे’ (किल्लीचा स्पॅनिश शब्द) न सापडलेली आजी ‘दार उघडायचं ते’ असं स्पॅनिशमध्ये सांगेल, मनगटही फिरवून दाखवेल. तपासणीही दोन्ही भाषांत मागा. स्पॅनिश मराठीसारखीच बरीचशी लिहावी तशी वाचतात, म्हणून इंग्रजी वाचनात उघडी पडणारी, शब्द स्पेलिंगप्रमाणेच उच्चारण्याची चूक तिथे लपते.

आधारगटही स्पॅनिशमधलाच शोधा. तिथे आजीचा शब्द अडला तर माणसं थांबतात आणि तिला सांभाळणाऱ्या लेकीला आपला थकवा भाषांतर न करता बोलता येतो.