कृंतक नरांची जननेंद्रिये : वाढीतील संप्रेरकांचा परस्परप्रभाव

उंदीर, घूस, हॅम्स्टर अशा कृंतक प्राण्यांच्या नरांमध्ये वृषणे व साहाय्यक ग्रंथी (वीर्यातील द्रव तयार करणाऱ्या) किती वाढणार, हे टेस्टोस्टेरॉन या एकट्या नर-संप्रेरकावर (हार्मोनवर) ठरत नाही. सोबत कोणते संप्रेरक आहे आणि ते कोणत्या वयात मिळाले, यालाही तितकेच महत्त्व आहे.

वृषणांचा आकार बराचसा पिल्लू दुधावर असतानाच ठरतो. पांढऱ्या उंदरात जन्मानंतर सुमारे 2 ते 3 आठवडे सर्टोली पेशींचे (वृषणातील, शुक्राणू घडवणाऱ्या जननपेशींना पोसणाऱ्या पेशींचे) विभाजन चालते, मग थांबते. एक सर्टोली पेशी ठरावीक जननपेशींनाच पोसू शकते. त्यामुळे त्यांची संख्या हीच वृषणाच्या वाढीची मर्यादा. मेंदूखालच्या पोष (पिट्युटरी) ग्रंथीचे एफएसएच हे संप्रेरक हे विभाजन वाढवते, तर गळ्यातील अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे संप्रेरक ते आटोपते घेते. नवजात पिल्लांची अवटू ग्रंथी औषधाने काही काळ मंद ठेवली, तर प्रौढ नराची वृषणे सुमारे 80 टक्क्यांनी मोठी होऊ शकतात. गंमत म्हणजे अशा नरांच्या रक्तात एफएसएच उलट कमीच आढळते.

साहाय्यक ग्रंथींचे गणित वेगळे. वृषणे काढली की अष्ठीला (प्रोस्टेट) ग्रंथी व रेताशय या साहाय्यक ग्रंथी आक्रसतात. टेस्टोस्टेरॉन टोचले की पुन्हा वाढतात. पोष ग्रंथीही काढलेली असेल, तर मात्र तेवढ्याच मात्रेने अष्ठीला तितकी वाढत नाही. जोडीला पोष ग्रंथीचीच प्रोलॅक्टिन किंवा वृद्धी संप्रेरक ही संप्रेरके दिल्यास ती अधिक वाढते. प्रोलॅक्टिनमुळे लायडिग पेशींवरील (वृषणातील टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींवरील) एलएचचे, म्हणजे त्यांना चालना देणाऱ्या पोष ग्रंथीच्या संप्रेरकाचे, ग्राही (रिसेप्टर) वाढतात.

सीरियातील सोनेरी हॅम्स्टरला दिवसाकाठी साडेबारा तासांहून कमी उजेड मिळाला, तर मेलॅटोनिन या अंधारात स्रवणाऱ्या संप्रेरकामार्फत एफएसएच, एलएच आणि प्रोलॅक्टिन घटतात व वृषणे लहान होतात. हा नमुना कोकणाला जसाच्या तसा लावता येत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात दिवस साधारण 11 ते 13 तासांचा, फरक थोडाच. काळ्या उंदराला आणि घुशीला पाऊस, भाताची लोंबी, माडावरचे कोवळे नारळ यांतून मिळणारे पोषण अधिक मोलाचे ठरते. उपासमारीत मेंदूकडून पोष ग्रंथीला जाणारे संकेत मंदावतात आणि पुढची सगळी साखळी ढिली पडते. म्हणूनच भातखाचराच्या बांधातून पकडलेल्या नराची तपासणी करताना वृषणे वृषणकोशात उतरली आहेत की पोटात आहेत, हे आधी पाहतात. त्यावरून तो प्रजननक्षम आहे का, याचा अंदाज येतो.