ब्रिज की डेस्टिनेशन? एकाच हृदयपंपाची दोन नावं

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्याबाहेरच्या टपरीवर ऐकलेलं बोलणं. "डॉक्टर म्हणते, काकाजींना पंप बसवा लागते." "म्हणजे पेसमेकरच ना?" "हाव, तसंच काहीतरी."

तसंच नाही. पेसमेकर ठोक्यांचा ताल सांभाळतो. रक्त ढकलायचं काम हृदयालाच करावं लागतं. एलव्हॅड हा पंप ते कामच अंगावर घेतो. डाव्या कप्प्याच्या टोकातून रक्त ओढून महाधमनीत सोडतो. हृदय जागेवरच असतं, पोटातून एक वायर बाहेर येते आणि कमरेच्या कंट्रोलरला व बॅटऱ्यांना जोडलेली राहते.

हा गैरसमज दोन मिनिटांत मिटतो. चिवट घोळ पुढचा आहे. एका पेशंटच्या फाइलवर 'ब्रिज' लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या 'डेस्टिनेशन'. घरच्यांना वाटतं, पंप दोन प्रकारचे असावेत, एक तात्पुरता आणि एक पक्का.

पंप तोच, ऑपरेशन तेच. फरक पुढच्या बेताचा. ब्रिज म्हणजे दात्याचं हृदय मिळेपर्यंतची सोय. डेस्टिनेशन म्हणजे वय, मूत्रपिंडं किंवा नुकताच झालेला कॅन्सर पाहून हृदय बदलायचं नाही असं ठरलेलं. यापुढे पंपावरच जगायचं. ब्रिज ऐकलं की घरचे भाड्याच्या खोलीत राहिल्यासारखे वागतात. चार महिन्यांसाठी कोण रंग देतो?

चार महिनेच लागतील, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. देशात वर्षाला दोनशे-अडीचशे हृदयं बदलली जातात, गरज कितीतरी पटींनी मोठी. मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या २०२३ मध्ये पहिल्यांदा हजारापुढे गेली, पण प्रत्येक दात्याचं हृदय वापरण्याजोगं नसतं. रक्तगट जुळावा लागतो, अंगकाठी जुळावी लागते, आणि काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसावं लागतं. समृद्धी महामार्ग झाला तरी मुंबई ७०१ किलोमीटरच आहे; ग्रीन कॉरिडॉर आणि विमान उगाच लागत नाही. जर्मनीतही हीच टंचाई. तिथे गेल्या दशकात वर्षाला तीनशेच्या आसपास हृदयं बदलली जात होती आणि पंप त्याहून बरेच जास्त बसत होते. म्हणजे पुलावर निघालेले कित्येक जण पुलावरच राहायला लागले.

म्हणून खरा प्रश्न: पुलावर किती वर्षं निघतात? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीमॅच चाचणीत, नुसत्या औषधांवर दोन वर्षं काढणारे ८ टक्के होते, पंपावर २३. तेव्हाचा पंप हृदयासारखा ठोके देणारा, अवजड, लवकर झिजणारा. पुढे सतत फिरणारे पंप आले. ऑक्सफर्डमध्ये जून २००० मध्ये जार्विक २००० हा असा पंप बसवलेले पीटर हॉटन साडेसात वर्षांच्या आसपास जगले, आणि त्यांना तो कायमचा म्हणूनच बसवला होता. आताच्या हार्टमेट ३ वर पाच वर्षांनंतर ५८ टक्के हयात होते, त्याआधीच्या हार्टमेट २ वर ४४. बदललेलं हृदय यापेक्षा सरस आहेच. तिथे निम्मे लोक बारा वर्षांच्या पुढे जातात. पण ते मिळालं तर.

नावं अदलाबदलही होतात. फुप्फुसातला रक्तदाब फार चढलेला असेल तर हृदय बदलता येत नाही. पंपावर काही महिन्यांत तो उतरू शकतो आणि डेस्टिनेशनवाला हृदयासाठी थांबलेल्यांच्या यादीत येतो. उलटंही घडतं. रक्त चढवावं लागलं की शरीरात अशा प्रतिद्रव्यांची भर पडते की जुळणारं हृदय सापडणं अवघड होतं. ज्या पुलाने पलीकडे जायचं, तोच पलीकडचा काठ लांब नेतो. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी जुलै २०१० मध्ये पंपावर गेले आणि मार्च २०१२ मध्ये, ७१व्या वर्षी, त्यांना हृदय मिळालं. वीस महिने, तेही तिथे.

फाइलवर काहीही असो, रोजचं जगणं दोघांचं एकच, आणि नागपुरात त्याला मे महिना जोडलेला. ४५ अंशांत अंगातलं पाणी आटलं की पंपाला ओढायला रक्त पुरत नाही, तो कप्प्याची भिंतच ओढू लागतो आणि अलार्म वाजतो. घामाने वायरजवळचं ड्रेसिंग सुटलं की जंतुसंसर्ग. वादळात वीज गेली तर चार्ज केलेल्या बॅटऱ्या हाताशी हव्यात. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन कायमचं, त्यामुळे पालक-मेथी एकदम बंदही नाही आणि एकदम भरमसाटही नाही. शेजारच्या काकांनी मनगट धरलं तर नाडी बहुतेक लागणारच नाही. आधी सांगून ठेवलेलं बरं.

एका बाबतीत मात्र मला डेस्टिनेशनवाले जास्त तयारीत वाटतात. पक्षाघात झाला, शुद्ध आली नाही, तर पंप कधी थांबवायचा, हे त्यांच्याशी आधी बोललं जावं अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने २०१३ मध्ये डेस्टिनेशनवाल्यांच्या डॉक्टरांच्या टीममध्ये पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा, तज्ज्ञ असलाच पाहिजे अशी अट घातली. ब्रिजवाल्यांच्या घरात हा विषय निघत नाही, कारण सगळ्यांचे कान फोनकडे असतात. टपरीवरच्या त्या दोघांना मी एवढंच सुचवलं, की काकाजींच्या फाइलवर ब्रिज लिहिलेलं असलं तरी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: हृदय आलंच नाही, तर?