एका म्यानात दोन तलवारी: जोड-उत्प्रेरणाची पार्श्वभूमी

औषधाचा रेणू टप्प्याटप्प्याने बांधावा लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर काही माल वाया जातो. दर टप्प्याला 80 टक्के उतारा मिळाला, तरी दहा टप्प्यांनंतर हाती जेमतेम 11 टक्के उरतात. टप्पे कमी करायचे, तर एकाच भांड्यात दोन उत्प्रेरक (अभिक्रिया घडवून आणणारे, पण स्वतः न खर्चणारे पदार्थ) का नकोत? हेच जोड-उत्प्रेरण.

उद्योगाला ही जोडी नवी नव्हती. 1950 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या वॅकर प्रक्रियेत इथिलीनचे ॲसिटाल्डिहाइड करताना पॅलेडियम थकते आणि तांबे त्याला पुन्हा कामाला जुंपते. 1975 मध्ये सोनोगाशिरा यांनी हीच दोन धातूंची जोडी कार्बन-कार्बन बंध जोडायला वापरली. पण नाजूक रेणूंच्या बाबतीत रसायनशास्त्रज्ञ बिचकत, आणि ते रास्तच होते. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की एकमेकांना निष्प्रभ करतात. अमाइन (नायट्रोजन असलेला सेंद्रिय रेणू) धातूला घट्ट चिकटले की दोघेही निकामी.

आणखी एक अडचण उजव्या-डाव्या रूपांची, म्हणजे एकाच रेणूच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांची. दोन्ही रूपांच्या मिश्रणातून विकराने (एन्झाइमने) हवे ते रूप वेगळे केले, तर निम्मा माल नको असलेल्या रूपातच अडकतो. 1990 च्या दशकात स्वीडनमध्ये बेकवाल यांच्या गटाने विकराच्या जोडीला रुथेनियम दिले. धातू नको असलेले रूप सतत उलटत राहतो, विकर हवे ते उचलत राहतो. 50 टक्क्यांची मर्यादा गळून पडते. मला तरी या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

2000 मध्ये लिस्ट आणि मॅकमिलन यांनी धातूविना चालणारे सेंद्रिय उत्प्रेरक पुढे आणले (नोबेल 2021 मध्ये). मॅकमिलन आणि नाइसविक्झ यांनी 2008 मध्ये त्यांना प्रकाशावर चालणाऱ्या रुथेनियमची साथ दिली. त्यासाठी साधा घरगुती दिवाही पुरला. 2014 मध्ये प्रकाश आणि निकेल यांची जोडी जमली. ती औषध कंपन्यांनी झपाट्याने उचलली.

दरम्यान, 2013 मध्ये झुरिचच्या कारेरा यांच्या गटाने इरिडियम आणि अमाइन एकत्र नांदवले. तयार होणाऱ्या रेणूतल्या शेजारच्या दोन कार्बनांपैकी एकाची उजवी-डावी दिशा धातू ठरवतो, दुसऱ्याची अमाइन. दोघांच्या उजव्या-डाव्या आवृत्त्या आलटून-पालटून वापरल्या की चारही रूपे मिळतात. पुढच्याच वर्षी त्यांनी भांगेतल्या टीएचसीची (नशा आणणाऱ्या घटकाची) चारही रूपे त्याच कच्च्या मालापासून, त्याच टप्प्यांनी बनवली; भांगेत मुख्यतः आढळते ते त्यांतले एकच.