पन्नास वर्षांची बॅटरी आणि मानशीचं दार

परवा रात्रीच्या पावसात माडाचं झावळ तारेवर पडलं आणि आमच्या फोंड्यात वाड्यावरचा करंट गेला तो सकाळपर्यंत आलाच नाही, इन्व्हर्टर दोन वाजता बसला. सकाळी शेजारच्या काकांनी फोन पुढे केला. फॉरवर्ड होता, चीनने नाण्याएवढी अणुबॅटरी काढलीय, ५० वर्षं चार्ज करायला नको, आता इन्व्हर्टरची कटकट संपली. मी म्हटलं काका, बातमी खोटी नाही, पण त्यातला मुख्य आकडाच गाळलाय.

तो आकडा म्हणजे १०० मायक्रोवॉट, एका वॉटचा दहा हजारावा भाग. बेटाव्होल्ट या चिनी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेला बीव्ही१०० हा सेल १५ मिलिमीटर लांब-रुंद, ५ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा, आणि पॉवर एवढीच. ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते, ती या सेलने भरायला बसलात तर २२ वर्षं लागतील, तीही एकदाच चार्ज करायला. काकांचा ३० वॉटचा पंखा फिरवायचा तर असे ३ लाख सेल लागतील.

अणू म्हटलं की लोकांना कारवारकडचं कैगा अणुवीज केंद्र आठवतं. कैग्यात युरेनियमचे अणू फोडतात, एकातून दुसरा फुटतो अशी साखळी चालते आणि ती कमी-जास्त करता येते. या बॅटरीत काहीच फोडत नाहीत, त्यामुळे स्फोटाची भीतीही नाही. त्यात असतं निकेल-६३, म्हणजे निकेलचा एक किरणोत्सारी प्रकार, त्याच्या अणूच्या केंद्रातला एखादा न्यूट्रॉन आपोआप प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन जोरात बाहेर फेकला जातो. मागे उरतं ते तांबं, अगदी आपल्या पाण्याच्या कळशीत असतं तेच स्थिर तांबं-६३! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही.

आता त्या इलेक्ट्रॉनचं काय होतं ते बघा, कारण खरी कमाल इथेच आहे. त्याच्याकडे सरासरी १७,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा असते. तो शेजारच्या सेमीकंडक्टरच्या स्फटिकात घुसतो आणि वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत जागेवरून उठवतो, उठलेल्याची रिकामी जागा म्हणजे होल. सिलिकॉनमध्ये अशी एक जोडी बनायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे साडेचार-पाच हजार जोड्या. पण त्या तशाच सोडल्या तर परत एकमेकांना भेटून संपतात, हाती नुसती ऊब. त्यांना वेगळं करायला दार लागतं.

दिवाडी, चोडणच्या बाजूला खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानस बघितली असेल, बांधातलं पाण्याचं दार. भरती आली की नदीचं पाणी लाकडी दार दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी तेच दार ढकलून बाहेर पडतं, माणूस लागत नाही, पाणी एकाच दिशेने जातं. स्फटिकात पी (होल्स जास्त) आणि एन (इलेक्ट्रॉन जास्त) असे दोन थर जिथे भिडतात तिथे असंच एक विद्युतक्षेत्र आपोआप तयार होतं, ते इलेक्ट्रॉनांना एका बाजूला ढकलतं, होल्सना दुसऱ्या. परत यायचं तर बाहेरच्या वायरमधून फिरून यावं लागतं. झाला करंट. सोलर पॅनेलमध्ये हेच होतं, फक्त तिथे धक्का उन्हाचा असतो.

पण मानशीची फळी सैल असली की भरतीचं पाणी झिरपतं. स्फटिकातही थोडी गळती असते, भर उन्हातल्या पॅनेलला ती जाणवत नाही, पण इथे मुळातच करंट इतका बारीक की गळतीच अर्धं खाऊन टाकेल. म्हणून बेटाव्होल्टने हिरा घेतला. हिऱ्यात एका जोडीला १३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे जोड्या कमी होतात, पण दार घट्ट बसतं आणि व्होल्टेज जास्त मिळतं.

मग निकेल जास्त घाला की, काका म्हणाले. घालता येत नाही असं नाही, पण शुद्ध निकेल-६३ च्या एका ग्रॅममधून सगळी मिळून ६ मिलिवॉटच्या आसपास ऊर्जा निघते, आणि हे इलेक्ट्रॉन काही मायक्रॉन धातूतच अडकतात, त्यामुळे जाड थर दिला तर आतले बाहेरच येत नाहीत. पातळ थर, हिरा, परत पातळ थर अशा चळती रचाव्या लागतात. शिवाय निकेल-६३ खाणीत मिळत नाही, रिॲक्टरमध्ये बनवावं लागतं.

आणि मुळातली अडचण वेगळीच, अणू बदलण्याचा वेग आपल्या हातात नाही. निकेल-६३ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, साधारण १०० वर्षं, म्हणून ५० वर्षांनीही ७० टक्के शिल्लक. पोलोनियम-२१० चा १३८ दिवस, त्याचा एक ग्रॅम १४० वॉट उष्णता देतो पण वर्षभरात त्याची रया जाते. कार्बन-१४ हजारो वर्षं टिकतो आणि ग्रॅमला जेमतेम १.३ मिलिवॉट देतो. दीर्घायुष्य आणि जोर दोन्ही एकत्र मागून मिळत नाहीत. व्हॉयेजर अंतराळयानांवर प्लुटोनियम-२३८ आहे, तिथे उष्णतेवरून थर्मोकपलने वीज करतात, १९७७ मध्ये प्रत्येकावर ४७० वॉट होते, आज निम्म्याहूनही कमी.

  

काकांच्या फॉरवर्डमधली बॅटरी झरीसारखी आहे, धार बारीक पण रात्रंदिवस, खाली टाकी ठेवली तर उपयोग. १०० मायक्रोवॉट कपॅसिटरमध्ये साठवत राहिलं तर दिवसाला ८.६ जूल होतात, त्यावर ०.१ वॉटचा ट्रान्समीटर जवळजवळ दीड मिनिट चालतो. १९८६ च्या जुलैत पणजीचा मांडवी पूल कोसळला, मग फेरीबोटीने ये-जा करावी लागली ते आईबाबा अजून सांगतात. पुलाच्या काँक्रीटमध्ये आत कायमचा गाडलेला सेन्सर, ज्याची बॅटरी बदलायला कुणी कधी जाऊ शकत नाही, त्याला दिवसभराची खबर बाहेर द्यायला दीड मिनिट भरपूर झालं.