मेक्सिकोतला धातू आधी वाजला

ऑल्मेक, तिओतिहुआकान, अभिजात काळातले (सुमारे इ.स. 250 ते 900) माया. मेक्सिको आणि आसपासच्या या प्राचीन संस्कृती ऐन बहरात होत्या तेव्हा त्यांच्याकडे धातूचे दागिने जवळजवळ नव्हतेच. मान होता तो हिरव्या जेडचा, शिंपल्यांचा, क्वेत्साल पक्ष्याच्या पिसांचा. धातूची विद्या पश्चिम मेक्सिकोत पोचली ती इ.स. 600 ते 800च्या सुमारास, इक्वाडोर-कोलंबियाकडून, बहुधा समुद्रमार्गे.

तिथे तांब्याच्या सुया झाल्या, गळही झाले. पण कारागिरांचा खरा जीव जडला तो घुंगरांवर. पुढे 1200 नंतर ते तांब्यात कथील आणि आर्सेनिक मिसळू लागले. पुरातत्त्वज्ञ डोरोथी हॉस्लर यांनी या वस्तू तपासल्या, तेव्हा मिश्रणाचं प्रमाण मजबुतीला लागतं त्याहून बरंच जास्त निघालं. कारण रंग! कथिलाने तांबं सोनेरी दिसतं, आर्सेनिकने रुपेरी. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: नाद आणि झळाळी यांसाठी त्यांनी धातू घडवला. पश्चिम मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या पुरेपेच लोकांचा मुख्य पुजारी तर गळ्यात धातूचा चिमटा मिरवायचा.

सोनारकामात नाव झालं ते दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाकाच्या मिश्तेक लोकांचं. अस्तेकांच्या सोनारांची रीत साहागुन या स्पॅनिश पाद्र्याने सोळाव्या शतकात तपशीलवार नोंदवून ठेवली आहे. कोळशाची पूड मातीत मळून गाभा करायचा, वाळला की त्यावर कोरायचं. मेणात कोपाल राळ मिसळून त्याचा पातळ थर गाभ्यावर चढवायचा, वरून पुन्हा कोळसा-मातीचा लेप. भट्टीत मेण वितळून निघून गेलं की त्या पोकळीत सोनं ओतायचं. खालच्या ओठाला भोक पाडून घालायचा सापाच्या तोंडाचा एक दागिना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या सापाची जीभ वेगळी घडवलेली आहे, घालणारा हलला की तीही हलत असे.

अस्तेक सोन्याला ‘तेओक्वित्लात्ल’ म्हणत, म्हणजे देवाची विष्ठा.

1932 साली पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना वाहाकातल्या मोंते आल्बान या प्राचीन नगराच्या 7 क्रमांकाच्या थडग्यात मिश्तेकांचं सोनं सापडलं. ते जमिनीखाली होतं म्हणून वाचलं. सोळाव्या शतकात मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिशांच्या हाती लागलं त्यातलं बहुतेक वितळवलं गेलं. 1981 मध्ये मेक्सिको सिटीत खोदकाम करताना मिळालेली सुमारे 2 किलोची सोन्याची लगड त्याच लुटीतली मानतात. तिच्यावर ना साप, ना घुंगरू.