वृद्धाश्रमाच्या दारामागे: कोकणातल्या उपेक्षेची पार्श्वभूमी

कोकणातली म्हातारी माणसं एकटी पडली ती वृद्धाश्रम निघाल्यावर नव्हे. त्याच्या कितीतरी आधी पडली. १८५०च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि पुढच्या शंभर वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याच्या जवळपास प्रत्येक वाडीतला कर्ता माणूस बोटीने, नंतर एसटीने मुंबईला गेला. गावात मागे राहिले ते आईवडील, सून आणि पोरं. महिन्याच्या मनीऑर्डरवर घर चालायचं आणि सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं, अंघोळपाणी, शेवटची शुश्रूषा हे सगळं त्या सुनेच्या अंगावर पडायचं. तिला विचारून ही व्यवस्था कुणी ठरवली नव्हती. मात्र ती होती, आणि शेजारपाजारचे डोळेही होते. ओटीवर बसलेला म्हातारा चार दिवस दिसला नाही तर वाडीत चौकशी व्हायची.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या व्यवस्थेचा पैशाचा आधार गेला. काहीजण गावी परतले. जे शहरात टिकले त्यांनी पुढच्या काळात बायकोमुलांनाही डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याकडे नेलं. सून गेली तशी शुश्रूषाही गेली. २०११च्या जनगणनेत याच्या खुणा स्पष्ट दिसतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. राज्याचा आकडा ९२९ होता. म्हणजे एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यांमध्ये मोठा वाटा बायकांचा आहे. त्यातही विधवांचा, जिच्या नावावर बहुधा जमीन नाही आणि पेन्शनही नाही अशा बाईचा.

सरकारी पातळीवर निराधार वृद्धांचा विचार आधी वेगळ्याच वाटेने झाला. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा रस्त्यावर हात पसरणाऱ्या म्हाताऱ्यालाही भिक्षेकरी गृहात डांबू शकत होता. १९६३पासून स्वयंसेवी संस्थांमार्फत अनुदानित वृद्धाश्रम चालवण्याची योजना राज्यात आहे. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, एकेका आश्रमात शंभर जणांची सोय धरून. त्यानंतर खासगी आणि ट्रस्टचे आश्रम वाढले. मुंबईच्या जवळ म्हणून पनवेल, कर्जत, बदलापूरच्या बाजूला, आणि हवा चांगली म्हणून खाली तळकोकणातही. यातले अनेक आश्रम जीव ओतून चालवले जातात, हे आधी म्हटलं पाहिजे. पण तपासणीला कुणी येत नसेल, तर चांगला आश्रम आणि वाईट आश्रम बाहेरून सारखेच दिसतात.

आपल्याकडच्या कायद्याची गडबड इथेच आहे. त्याची नजर कायम मुलावर राहिली, आश्रमावर गेलीच नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५ आईवडिलांना पोटगी मागण्याचा हक्क देत होतं (आता तेच नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे). १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की ही जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे. मग २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायदा आला. महाराष्ट्रात तो २००९पासून लागू झाला, २०१०मध्ये नियम झाले. प्रांताधिकाऱ्यांसमोर वकिलाशिवाय अर्ज, नव्वद दिवसांत निकाल, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता, आणि सांभाळायचं असतानाही ज्येष्ठाला कायमचं वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रम काढण्याची मुभाही त्यात सरकारला आहे, बंधन नाही. पण मुलाने रीतसर पैसे भरून आईला दाखल केलं आणि तिथे तिला दिवसभर ओल्या अंथरुणात ठेवलं, तर त्यासाठी या कायद्यात थेट कलम सापडत नाही.

ही उणीव सरकारच्या लक्षात आली नव्हती असं नाही. डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात छळाची व्याख्या होती, ज्येष्ठांच्या निवासगृहांची नोंदणी होती आणि किमान दर्जाचे निकषही होते. स्थायी समितीने त्यावर अहवालही दिला. विधेयक मंजूर झालं नाही, आणि २०२४मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं. मला या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत खेदाची गोष्ट वाटते.

एक जुनं कलम मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९१: आजारपणामुळे किंवा शारीरिक दुबळेपणामुळे स्वतःचं पाहू न शकणाऱ्या माणसाची सेवा करण्याचा, त्याच्या गरजा भागवण्याचा करार केला आणि तो जाणूनबुजून पाळला नाही, तर तो गुन्हा. दंड होता दोनशे रुपयांपर्यंत. भारतीय न्याय संहितेत ते ३५७वं कलम झालं, दंड पाच हजारांपर्यंत गेला, तीन महिन्यांपर्यंतची कैद तशीच राहिली. वृद्धाश्रमाशी झालेला लेखी करार आणि पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवायच्या त्या यासाठीसुद्धा.

जगातही हा विषय उशिराच बोलला गेला. १९७५मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी म्हाताऱ्या बायकांना होणाऱ्या मारहाणीबद्दल वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं, तेव्हा कुठे त्याकडे वैद्यकाचा प्रश्न म्हणून पाहायला सुरुवात झाली. २००२च्या टोरांटो जाहीरनाम्याने एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: जिथे विश्वास ठेवला जातो अशा नात्यात आवश्यक ते न करणं हासुद्धा छळच. १५ जून हा ज्येष्ठांच्या छळाविरुद्धचा दिवस २००६पासून पाळला जातो, संयुक्त राष्ट्रांनी त्याला २०११मध्ये मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने संकलित केलेल्या अभ्यासांत तर निवासी संस्थांतल्या तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून काही ना काही छळ झाल्याचं स्वतः सांगितलं आहे.

हा आकडा वाचून लगेच आयांना दोष देऊ नये. रात्रपाळीला एक मावशी आणि तिच्या वाट्याला पंधरावीस अंथरुणाला खिळलेली माणसं असतील, तर ती कितीही मायाळू असली तरी दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलू शकणार नाही. तिला स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशी कसं बोलायचं हे कुणी शिकवलेलं नसतं, पगार तुटपुंजा असतो. मारहाण करणारा माणूस विकृत असेलही. पण उपेक्षा बहुतेक वेळा हजेरीपत्रकातून जन्मते. म्हणून दाखल करताना खोल्या बघण्याआधी एक प्रश्न विचारावा: रात्री किती माणसं कामावर असतात?

ओळखायचं कसं, यात कोकणाची एक खास अडचण आहे. आपण चाकरमानी माणसं भेटायला जातो ती गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. हे आश्रमालाही ठाऊक असतं. त्या दिवसांत चादरी धुतलेल्या असतात, नखं कापलेली असतात. खरी परीक्षा असते आषाढात, दिवसचे दिवस पाऊस लागतो, कपडे वाळत नाहीत, वीज जाते, मुंबईहून कुणी येत नाही तेव्हा. शिवाय आईला आश्रमात ठेवलंय हे गावात सांगायची लाज. ‘मुंबईक न्हेलंव’ असं वाडीत सांगितलं की वाडीतलं माणूसही तिकडे फिरकत नाही. त्या म्हातारीला विचारणारं मग पंचक्रोशीत कुणी उरत नाही. ही लाज सोडावी, असं मला कळकळीने वाटतं. जवळच्या गावातली माहेरवाशीण, भाचा, जुना शाळामास्तर, कुणालाही सांगून ठेवावं की अधूनमधून, न कळवता, जेवणाच्या वेळी डोकावून ये.

डोकावणाऱ्याने काय पाहावं? दंडावर बोटांच्या आकाराचे वळ, मनगटाला किंवा घोट्याला बांधल्याच्या खुणा. माकडहाडाजवळ, टाचांवर, नितंबांवर एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा. यासाठी पांघरूण काढून पाहावं लागतं, संकोच करू नये. कोरडी जीभ, सैल झालेले कपडे. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र जागेवर आहे का. ते कपाटात बंद असेल तर माणूस जेवू शकत नाही, ऐकू शकत नाही आणि तो ‘गप्प गप्प’ झाला असं आपल्याला सांगितलं जातं. दिवसाढवळ्या गुंगीत असेल तर कोणती गोळी, कोणी लिहिली, किती वाजता दिली, हे विचारावं. गोळ्यांची नोंदवही दाखवायला खळखळ होत असेल तर ती खूण समजावी. कर्मचारी आला की बोलणं थांबतं का? भेटीत तुम्हाला एकटं बसू देतात का? कोविडच्या काळात भेटी बंद होत्या ते योग्यच होतं. आज त्याच कारणाने दारातून परत पाठवत असतील तर लेखी कारण मागा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नुसत्या धरण्यानेही काळेनिळे डाग पडतात. स्मृतिभ्रंश झालेली आजी ‘माझ्या बांगड्या चोरल्या’ म्हणते तेव्हा ते आजाराचं लक्षण असू शकतं. शेवटच्या दिवसांत उत्तम शुश्रूषेतही जखमा होतात. म्हणून डॉक्टरचं मत घ्यावं. पण ‘तिला भ्रम होतोय’ हे उत्तर तपासल्याशिवाय मान्य करू नये, कारण बांगड्या कधीकधी खरंच गेलेल्या असतात.

पैशाचा छळ इथे जमिनीच्या वाटेने येतो. सामाईक सातबारा, त्यावर डझनभर नावं, त्यातलं एक नाव आश्रमातल्या आजोबांचं. सिंधुदुर्ग १९९७मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, किनाऱ्याच्या जमिनींना भाव आला, महामार्गाच्या चौपदरीकरणात मोबदले मिळाले आणि थरथरत्या अंगठ्यांना अचानक किंमत आली. पासबुक कोणाकडे आहे, पेन्शन कोण काढतं, अलीकडे कोणत्या कागदावर सही झाली, हे भेटीत विचारलंच पाहिजे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र, अट पाळली नाही तर, २००७च्या कायद्याच्या कलम २३खाली रद्द होऊ शकतं. ती अट कागदात लिहिलेली असली म्हणजे वाद कमी होतो.

संशय आला तर आधी माणूस सुरक्षित आहे का ते पाहायचं. जीवाला धोका असेल तर ११२. नसेल तर त्याच दिवशी तारखेसह फोटो, आणि आजी जे बोलली ते तिच्याच मालवणीत जसंच्या तसं लिहून ठेवायचं. अधीक्षकांना तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची. मग जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे, ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयात, मारहाण, डांबणं किंवा पैशाचा अपहार असेल तर पोलिसांत. मोफत वकिलाबद्दल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारता येतं. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन २०२१पासून देशभर आहे. पुढे कुठे जायचं ते तिथे सांगतात. निर्वाहाचा अर्ज ज्येष्ठाच्या वतीने त्याने नेमलेली व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते.

हे सगळं करण्याआधी त्या माणसाला विचारायचं राहून जातं. बरेचजण तक्रार नको म्हणतात, कारण इथून काढलं तर जायचं कुठे हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. तेव्हा जागेची सोय आधी, अर्ज नंतर. लगेच घरी नेणं शक्य नसेल तर जिल्हा रुग्णालयात जावं. २०१०-११पासूनच्या राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात तिथे वृद्धांसाठी दहा खाटांचा विभाग धरलेला आहे. दाखल केल्यावर जखमांची वैद्यकीय नोंद होते, वजन लिहिलं जातं, आणि दुसरी जागा पाहायला मुलाबाळांना थोडे दिवस मिळतात.